सतराव्या मजल्यावरचा ‘व्हय म्हाराजा’

रघुवीरदादा माझा कोणी लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको की बाई, तुला एवढं काय पडलंय. जुन्या चाळीत तो दुसऱ्या माळ्यावर राहायचा, आम्ही तळमजल्यावर. चाळ पाडली, लालबागला तिच्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि सोडतीत आमची दारं समोरासमोर आली. त्याची बायको कांतावहिनी आणि मी, दोघी लग्न होऊन त्याच चाळीत आलेल्या. नळावर भांडलो, एकमेकींची पोरं सांभाळली. मी घरी बसून फॉल-पिको करते, हिंदमाताच्या दुकानांच्या साड्या माझ्याकडे येतात. म्हणजे दिवसभर घरात. आणि दिवसभर घरात असलेल्या बाईला शेजारी काय काय कामाला लावतात ते विचारूच नका.

रघुवीरदादा म्हणजे नुसता खांदा. इतका रुंद की चाळीच्या जिन्यात समोरून आला तर आपण भिंतीला चिकटायचं. बाप गिरणीत होता. हाही बदलीवर लागला आणि लगेच संप झाला. मग माझगावच्या गोदीत एका कंत्राटदाराकडे ओझी उचलायला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. कुणाचं कपाट वर चढवायचं असो की कुणाचं मयत खाली उतरवायचं असो, चाळ त्यालाच हाक मारायची. तोंडाने फटकळ. “मेल्या, मी काय रिकामा गावलो काय तुला?” असं म्हणत म्हणतच कपाटाखाली शिरायचा.

आणि या खांद्याला वेड एकच, शिमग्याचं. राजापूरकडे त्याचं गाव. शिमग्यात गावदेवीची पालखी सहाणेवर येऊन बसते. सहाण म्हणजे गावाच्या मधला दगडी चौथरा. तिथे गाऱ्हाणं होतं, मग पालखी घरोघर निघते, आणि निघताना पालखीला पहिला खांदा द्यायचा मान याच्या घराण्याचा. घरातल्या थोरल्या पुरुषाचा. आधी बापाने दिला, मग याने. त्या मानापायी त्याने साहेबांशी भांडणं केली, एकदा तर चालू काम सोडून एसटी पकडली. वहिनी अजून ऐकवते, “माझ्या बाळंतपणात हे तिकडे पालखी नाचवत होते.” तो म्हणायचा, “मग? पोरगी नीट झाली ना? देवीआईनेच केलं.”

मी बौद्ध. आमच्या घरात पालखी नाही, नवस नाही, गाऱ्हाणं नाही. माझं माहेरही मूळ तिकडचंच. माझे आजोबा सांगायचे, शिमग्यात पालखी आमच्या वाडीच्या वेशीपर्यंत यायची आणि तिथूनच वळायची. आमच्या माणसांनी लांबून हात जोडायचे, बस्स. हे मी एकदा रघुवीरदादाला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा आमच्यात जोरात वाजलं होतं. मी म्हटलं, “तुझा मान म्हणजे काय रे, आम्हाला लांब ठेवायचं लायसन!” तो लालबुंद होऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “तू बोललीस ते खोटं नाय गो.” आणि त्या साली शिमग्याला परत गेलाच. म्हणजे बघा. तरी माझा त्याच्यावरचा जीव काही कमी झाला नाही. माणसाचं असंच असतं, कुठे कुठे ताळा लावत बसणार?

टॉवरमध्ये आलो आणि वर्षाच्या आत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोच खांदा, तोच हात, तोच पाय. तोंड वाकडं झालं. बोलणं असं झालं की आम्हा दोघींशिवाय कुणाला कळेना. चाळ असती तर खाट गॅलरीत काढली असती, येणारा-जाणारा टेकला असता, पत्ते झाले असते. इथे दार लावलं की संपलं. खिडकीतून समोरच्या टॉवरची खिडकी, तीही बंद. लिफ्ट आहे, म्हणे. एकदा डॉक्टरकडे नेताना लिफ्ट बिघडली होती, तेव्हा चौघांनी त्याला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. हा वाटभर डोळे मिटून रडत होता. घरी आल्यावर वहिनीला म्हणाला, “परत मला उचलायचा नाय. मेलो की उचला.” तेव्हापासून तो त्या खोलीत आहे. फिजिओवाला घरी येतो, न्हावी घरी येतो. “हे घर नाय गो रश्मी, हे कपाट हाय,” असं मला म्हणाला होता.

डॉक्टरने गावचा प्रवास बंद केला. मग पहिला खांदा त्याच्या नावाने त्याचा चुलतभाऊ माधव द्यायला लागला. माधव गावातच असतो, आंब्याच्या थोड्या कलमांवर पोट भरतो, गरीब स्वभावाचा. दोन शिमगे असे निभावले. यंदा मात्र गावकीने निरोप धाडला की मानकरी हजर नाही आणि मान त्याच्या नावावर, असं किती वर्षं चालवायचं? यंदा आईसमोरच निकाल लावू. गाऱ्हाण्यात रघुवीरचं नाव पुकारायचं. हजर असेल तर मान त्याच्या घरात, नसेल तर माधवच्या.

वहिनी म्हणाली, आता संपलं. पण रघुवीरदादाच्या डोक्यात भलतंच. गावचं मंडळ हल्ली शिमगा मोबाइलवरून लाइव्ह दाखवतं, सगळे चाकरमानी बघतात. हा म्हणाला, मी टीव्हीवर बघणार आणि फोनवरून उत्तर देणार. “माझा आवाज सहाणेवर पोचला म्हणजे मी हजर!” गावकीत दोन दिवस वाद झाला म्हणे. शेवटी माधवनेच सगळ्यांच्या पाया पडून ते मान्य करून घेतलं. गाऱ्हाण्याच्या वेळी तो फोन माइकला लावून धरणार, गुरव तीनदा नाव पुकारणार, रघुवीरने “व्हय म्हाराजा” म्हणायचं. एवढं झालं की वर्षभर कुणी मानाला हात लावणार नाही.

गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगते. गुरव देवीपुढे उभा राहून एकेक गोष्ट बोलतो. लेकरांना सांभाळ, रोगराई दूर कर, अमकं कर, तमकं कर. प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा.” आणि ते एकदा म्हटलं की म्हटलं. तिथे ‘नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं’ हा प्रकार नाही.

आता प्रश्न आला बोलण्याचा. त्याच्या तोंडातून “व्हय म्हाराजा” निघायचं ते “हो हाजा” असं काहीतरी. गावकीला ते ऐकू गेलं तर म्हणतील, हा कोण बोलतोय कुणास ठाऊक. मग त्याने तालीम सुरू केली. सकाळी मी मशीनवर बसायची तेव्हा समोरच्या बंद दारातून सुरू व्हायचं. आधी नुसतं “म्हा, म्हा.” मग “राजा.” शिंक अडकल्यासारखं. चिडायचा, स्वतःलाच शिव्या घालायचा, आणि गंमत म्हणजे शिव्या स्वच्छ यायच्या! मी दार वाजवून ओरडायची, “दादा, देवीला शिवीच दे, ती कळेल तिला!” आतून हसण्याचा आवाज. पण पोरं परीक्षेचा करत नाहीत असा अभ्यास केला त्याने. शिमगा तोंडावर आला तेव्हा एक दिवस दारातून असा खणखणीत “व्हय म्हाराजा” आला की माझ्या हातातली साडी मशीनखाली गोळा झाली. मी धावत गेले. वहिनी पदराने डोळे पुसत होती. तो मात्र ऐटीत म्हणाला, “काय, चहा ठेवणार हाय की नाय कोण?”

राहिलं नेट. आमच्या पुनर्वसनाच्या इमारतीत नेटवाला एकच, दुसऱ्याला बिल्डर आत येऊ देत नाही. हितेंद्र नावाचा माणूस सगळं बघतो. शिमग्याच्या आठवड्यात टीव्हीवर काहीही लावलं की मधोमध ते गोल चक्र फिरत बसायचं. वहिनीने हितेंद्रला बोलावलं, त्याने नवा राउटर बसवला, भोवरा फिरवल्यासारखं हात फिरवून म्हणाला, “काकी, आता मख्खन.” तो होता तोवर मख्खनच. तो लिफ्टमध्ये शिरला आणि चक्र सुरू.

पालखीचा दिवस उजाडला. गाऱ्हाणं दुपारचं होतं. वहिनीने सकाळीच त्याला आंघोळ घातली, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, कपाळाला गंध. खुर्ची टीव्हीसमोर. मला आधीच ताकीद होती, “रश्मी, तुला त्यातलं कळतं, तू रिमोटवर बस.” मला काय कळतं? डोंबल! पण त्या घरात माझ्याएवढं कळणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांची लेक बदलापूरला, तिच्या पोराची परीक्षा.

लाइव्ह लावलं. सहाण दिसली, झेंडूच्या माळा, माणसांची गर्दी, आणि मधे पालखीत देवी. रघुवीरदादाने डावा हात छातीला लावला. इतक्यात चित्र थांबलं. गोल, गोल, गोल. ढोलवाल्याचा एक हात हवेत तसाच. मी राउटर बंद करून चालू केला. दिवे हिरवे झाले, टीव्ही सुरू झाला, थोडं चाललं, परत गोल. राउटर कपाटावरून काढून खुर्चीवर ठेवला, वायर ताणून त्याच्या पायाशी आणला. घरातली बाकीची सगळी यंत्रं वायफायवरून काढली. माझ्या मोबाइलचं नेट टीव्हीला जोडून पाहिलं, तर त्यावर काहीच उघडेना, आमच्या बाजूला रेंज येते ती नावापुरती. दादा नुसता बघत होता आणि त्याच्या मानेची शीर ताठ होत चालली होती.

हितेंद्रला फोन लावला. तो कुठेतरी शिडीवर होता. म्हणाला, “काकी, सुट्टी आहे ना आज, सगळी बिल्डिंग टीव्हीवर बसलीय. लोड आहे. सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी खाली करा.” मी केली. काय सुरेख चाललं! अजिबात थांबेना. पण चित्र धुरकटलं, माणसं म्हणजे रंगाचे ठिपके.

“हे काय?” रघुवीरदादा ओरडला. “आईचा मुखवटा कुठे? डोळे कुठे गेले तिचे?”

“दादा, नेट कमी आहे, तेवढ्याने चालेल.”

“मी कोणापुढे बोलणार हाय? ठिपक्यांपुढे? तिच्या डोळ्यांत बघून बोलायचंय मला. परत कर.”

वहिनीने मला खूण केली, कर बाई. मी परत केलं. देवीचे डोळे आले आणि चक्रही आलं.

परत हितेंद्र. तो कावला होता, पण बोलला नीट. “मग एक करा. थांबून थांबून मागे पडलं असेल. खाली लाल ठिपका दिसतो ना, लाइव्ह लिहिलेला, तो दाबा. पुढे जाईल.”

फोन स्पीकरवर होता, दादाने ऐकलं. “पुढे जाईल म्हणजे मधलं जाईल?”

“हो काका, मधलं सुटेल थोडं.”

“नको.” एवढं स्वच्छ बोलला की हितेंद्रलाही कळलं. “गाऱ्हाणं सुरू झालंय. मधेच सोडून पुढे उडी मारायची? तिच्यासमोर बसलोय की तमाशाला आलोय? जे हाय ते सगळं ऐकणार.”

मला राग आला. मी म्हटलं, “दादा, हट्टीपणा करू नकोस.” तो म्हणाला, “तुझ्या बुद्धवंदनेत तू मधल्या ओळी गाळतेस काय गो?” मी रिमोट खाली ठेवला. त्या लाल ठिपक्याचा खरा अर्थ तेव्हा आमच्यापैकी एकालाही कळला नाही. हितेंद्रला कळला असेल, पण आम्ही फोनवरून काय करणार आहोत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

माधवचा फोन आला. मागे ढोल, माणसांचा गलका. “दादा, मी माइकजवळ हाय. फोन ठेवू नको. नाव आलं की बोल.” वहिनीने फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर दादाच्या तोंडासमोर ठेवला. आणि घरात एकदम दोन-दोन ढोल वाजायला लागले. टीव्हीतला एक आणि फोनमधला दुसरा, दोघांचा काही मेळच नाही. फोनमध्ये गुरव काहीतरी बोलतोय आणि टीव्हीत तो अजून उदबत्तीच लावतोय. इथे आमच्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण तिथे कुणाला सुचणार? रघुवीरदादा करवादला, “अगो, दोन-दोन ढोल कशाला? मला काय ऐकू येत नाय. त्या फोनचा स्पीकर बंद कर. माझा आवाज तिकडे जातो ना? बास!” वहिनीने स्पीकर बंद केला. फोन चालू, पण त्याच्यातलं आम्हाला काही ऐकू येईना. घर कसं छान शांत झालं.

टीव्हीवर गाऱ्हाणं रंगात आलं. मी नास्तिक बाई, पण खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येत होता. गुरव हात उंच करून बोलतोय, “बा देवी म्हाराजा, तुझी लेकरं मुंबईत पोटासाठी पांगली, त्यांच्या वाटेतला काटा दूर कर म्हाराजा,” आणि सगळा गाव गर्जतोय, “व्हय म्हाराजा!” मधे चक्र येत होतं, जात होतं. चक्र आलं की वहिनी पदर तोंडात धरायची. दादाच्या कपाळावरचं गंध घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं.

आणि गुरव म्हणाला, “पहिल्या खांद्याचा मानकरी, तुझं लेकरू, रघुवीर, आज तुझ्या पायाशी हजर हाय का म्हाराजा?”

दादाने श्वास घेतला. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला, कसा कोण जाणे, अर्धा उठला, आणि देवीच्या डोळ्यांत बघत ओरडला, “व्हय म्हाराजा!”

काय आवाज होता! गोदीत क्रेनखालच्या माणसांना हाका मारायचा तो जुना आवाज. सतराव्या मजल्यावरच्या काचा हलल्या असतील. एक अक्षर वाकडं नाही. तो धपकन खुर्चीत बसला आणि हसायला लागला, वाकड्या तोंडाने, लाळ गळत. वहिनीने फोन कानाला लावला, “भावोजी, ऐकलंत ना?” म्हणाली. तिकडे नुसता गोंगाट, काही कळेना. “ऐकलं असणार,” म्हणून तिने फोन कट करून स्टुलावर ठेवला. मी टाळ्या वाजवल्या. हो, मी. ज्या पालखीने माझ्या आजोबांकडे पाठ फिरवली, तिच्या खांद्यासाठी मी टाळ्या वाजवत होते. वहिनीने त्याच्या तोंडात पेढा घातला.

टीव्ही चालूच होता.

टीव्हीत गुरव थांबला होता. सगळे माधवकडे बघत होते. माधव फोन माइकला लावून उभा. फोनमधून काहीच येत नव्हतं. वहिनी म्हणाली, “आता येईल तुमचा आवाज.” आम्ही वाट बघत बसलो. आला नाही. गुरवाने दुसऱ्यांदा पुकारलं. माधवने फोन तोंडाजवळ नेला. तो काय बोलतोय ते माइकमधून सगळ्या गावाला ऐकू येत होतं, आम्हालाही आलं. “दादा, बोल ना. दादा! ऐकतोस ना? दादा, नाव घेतलं तुझं, बोल!” फोन हलवत होता, कानाला लावत होता, परत माइकला.

पेढा रघुवीरदादाच्या गालात तसाच राहिला.

“आपण तर बोललो,” वहिनी म्हणाली. “रश्मी, आपण बोललो ना गं?”

मला कळलं. टीव्ही मागे होता. आम्ही बघत होतो ते कधीच होऊन गेलेलं होतं, आणि प्रत्येक चक्राबरोबर ते आणखी मागे गेलं होतं. पण मग याचं “व्हय म्हाराजा” तिकडे नेमकं कधी पोचलं? मी रिमोट उचलला. काय करणार होते मी त्या रिमोटने? जे झालं ते झालं होतं. आम्हाला आता फक्त बघायचं होतं.

गुरवाने तिसऱ्यांदा पुकारलं. माधव रडायच्या बेताला आला होता. फोन मुका. गावकीतला एक म्हातारा मान हलवून गुरवाशी काही बोलला. गुरवाने देवीकडे तोंड केलं. त्याचाही आवाज पडला होता. म्हणाला, “तर मग म्हाराजा, आजपासून पहिल्या खांद्याचा मान रघुवीराच्या घरातून निघून माधवाच्या घरात जावा, हे तुझ्या लेकरांना मान्य हाय का म्हाराजा?”

आणि सगळा गाव गप्प. खरं सांगते, एकाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. प्रत्येक वाक्याला गर्जणारी ती माणसं, सगळी खाली बघत उभी. एक बाई तर मागे सरकली. माधव नाही नाही अशी मान हलवत होता. त्या शांततेत, टीव्हीच्या स्पीकरमधून, सहाणेवरच्या कर्ण्यांतून घुमत आलेला आवाज आम्ही ऐकला.

“व्हय म्हाराजा!”

खणखणीत. एक अक्षर वाकडं नाही.

माधवच्या हातातून फोन पडता पडता राहिला. सगळा गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागला. मग त्या म्हाताऱ्याने हात जोडले, आणि त्याच्यामागे एकेक करत सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मानकऱ्याने स्वतःच दिला म्हटल्यावर गावाचं काय जातं? ढोल वाजायला लागले. चित्र आता अजिबात थांबत नव्हतं.

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्टुलावरचा फोन केव्हापासून थरथरत होता, माधव परत परत लावत होता. शेवटी मीच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“दादा,” माधव हुंदके देत होता, “दादा, ही नेटची भानगड हाय, मला म्हायत हाय. मी सगळ्यांना सांगतो. अजून पालखी सहाणेवरच हाय, मी खांदा लावलेला नाय. आताच्या आता परत पुकारायला लावतो. तू फोनवर ऐकून बोल.”

वहिनी पुढे झाली. “हो भावोजी, परत विचारा. आम्ही टीव्ही बंद करतो.”

“कांता, गप,” रघुवीरदादा म्हणाला. त्याने पेढा गिळला. गिळायला त्याला वेळ लागतो, माधव तोवर थांबला. “माधवा, माझा आवाज कसा आला?”

“आँ?”

“सहाणेवर. कळला काय सगळ्यांना? स्पष्ट आला?”

“स्पष्ट आला दादा. पहिल्यासारखा आला.”

“मग? तिच्यासमोर स्पष्ट बोललो ना मी? आता नेट होतं, नेट नव्हतं, असलं तिला सांगत बसू? तिला काय म्हायत नेट?” तो थांबला. “खांदा लाव. तुझ्या नावाने लाव.”

“दादा, मी नाय लावणार.”

“लाव मेल्या! आईला ताटकळत ठेवतोस?”

माधवने फोन ठेवला नाही, तो तसाच खिशात टाकला असावा, कारण फोनमधून पालखी उठल्याचा जल्लोष आम्हाला ऐकू आला. टीव्हीत ती अजून उठायची होती. ते बघायला दादा थांबला नाही. मला म्हणाला, “बंद कर.” मी टीव्ही बंद केला. मग तो रडला. झटका आला तेव्हा रडला नव्हता इतका रडला. वहिनी त्याचा निर्जीव खांदा चोळत बसली होती आणि मी पायाशी पडलेल्या राउटरची वायर गुंडाळत होते. हितेंद्रला शिव्या द्याव्या, बिल्डरला द्याव्या, त्या देवीला द्याव्या, की या म्हाताऱ्याच्या हट्टाला? सगळ्यांनाच दिल्या, मनातल्या मनात. उपयोग शून्य.

माधव त्यानंतर दोनदा येऊन गेला, आंबे घेऊन. पायाशी बसतो. वहिनीने त्याला सांगितलं, भावोजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याने ते लावून घेतलंय ते घेतलंयच.

ते लाइव्ह मंडळाच्या चॅनेलवर आहे अजून, कुणीही बघावं. रघुवीरदादा रोज बघतो. वहिनीची दुपारची भांडी झाली की म्हणतो, लाव. आता ते कुठेही थांबत नाही, चक्र नाही, काही नाही, देवीचे डोळे स्वच्छ. तो टोपी घालून बसतो. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला गावाबरोबर बोलतो. आणि नाव पहिल्यांदा पुकारलं की त्याच क्षणी, वेळेवर, म्हणतो, “व्हय म्हाराजा.” म्हणाला की लगेच वहिनीने टीव्ही बंद करायचा. पुढचं लागू द्यायचं नाही. तेवढ्यापुरता मान त्याच्याकडे असतो.

परवा वहिनी औषधं आणायला खाली गेली होती, रिमोट माझ्याकडे. नाव आलं, तो बोलला. मी बटण दाबायला गेले, तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे.”

मी राहू दिलं. माधव फोन हलवून हाका मारतोय, तो आम्ही बघितला. तिसरी पुकार झाली. गुरवाने तो प्रश्न विचारला आणि सगळा गाव खाली बघत उभा राहिला. दादा पुढे वाकून एकेकाचं तोंड निरखत होता.

“बघ गो,” तो म्हणाला. “बघ, कोण कोण बोलत नाय. एकसुद्धा बोलत नाय. सगळे गप हायेत गो माझ्यासाठी.”

कर्ण्यांतून त्याचा आवाज यायच्या आत मी टीव्ही बंद केला. मग त्याने डाव्या हाताने टोपी नीट केली.

“परत लाव,” तो म्हणाला.